‘नाही’ची वही

मी २००७ साली लग्न होऊन पाचोऱ्याहून जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला आले, तेव्हा आमचं कापडाचं दुकान दहा बाय बावीस फुटांचं होतं. खाली पांढरी गादी, भिंतीला लाकडी फळ्या, आणि गादीवर तिघं: सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, मोठे भाऊजी आणि हे. धोतर, टोपी, शर्टपीस, टॉवेल, सतरंज्या, सगळं मिळायचं. बायकांचं म्हणाल तर नऊवारी, सहावारी, परकर आणि ब्लाउजपीस. आज ती जागा आणि शेजारचा गाळा मिळून दोन मजल्यांवर फक्त बायकांचे कपडे आहेत आणि अकरा जणी कामाला आहेत. ओळखीचे लोक विचारतात, भांडवल कुठून आणलं? भांडवलाचंही सांगते, पण आधी मागच्या दाराचं सांगायला हवं, कारण सुरुवात तिथून झाली.

दुकानाच्या मागे आमचं घर. पुढच्या दाराने बायका नवऱ्याबरोबर किंवा सासूबरोबर यायच्या. साडी निवडायच्या, भाव मात्र पुरुष ठरवायचे. आणि ज्या गोष्टी गादीवर बसलेल्या तीन पुरुषांना विचारता येत नाहीत, त्यांच्यासाठी त्याच बायका दुपारी मागच्या दाराने माझ्या सासूबाईंकडे यायच्या. आम्ही त्यांना माय म्हणतो. “माय, बॉडी शे का?”, म्हणजे ब्रा आहे का, हा प्रश्न मी किती दुपारी ऐकला असेल! माय आत जाऊन फळीवरून आणून द्यायच्या. माप विचारायची पद्धत नव्हती. नजरेने अंदाज करायचा, झालं तर झालं.

आठ-दहा महिने मी नुसती बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की दहा बायका आल्या तर सहा-सात जणी रिकाम्या हाताने परत जातात, आणि ते पुढे गादीवर कोणाला कळतच नाही. गल्ल्यात न आलेल्या पैशाचा हिशेब कोण ठेवणार? घरात बियाण्याच्या कंपनीने दिलेली एक डायरी पडून होती. तिच्यात मी लिहायला लागले. कोणी काय मागितलं आणि आपण काय ‘नाही’ म्हणालो, एवढंच. ती पानं अजून माझ्याकडे आहेत. ‘उंच बाईला पुरेल असा परकर.’ ‘तयार ब्लाउज, ३८, लाल, बाह्या कोपरापर्यंत.’ ‘बाळंतिणीचा गाऊन, पुढे चेन.’ ‘शाळेतल्या बाईंना पंजाबी ड्रेस, भडक नको.’ दिवाळीपर्यंत दीडशेच्या आसपास नोंदी झाल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आप्पा खतावणीची पूजा करायला बसले, तेव्हा मी ती डायरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिली सहा-सात पानं वाचली, काही बोलले नाहीत. खतावणीला कुंकू लावलं आणि मग डायरीलाही लावलं. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते तेव्हा नीट कळलं नाही, आता कळतं.

पाडव्यानंतर मधली खोली मोकळी करून तिथे एक काउंटर टाकला. जळगावच्या फुले मार्केटमधून बावीस हजारांचा माल आणला: गाऊन, परकर, आतले कपडे, तयार ब्लाउज. काउंटरवर मी आणि मोठ्या जाऊबाई. मधल्या दाराला पडदा. पहिल्याच महिन्यात आम्ही एक कापडी टेप विकत घेतला, आणि माझ्या मते दुकानात आलेली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. पस्तीस वर्षांच्या, चार मुलांच्या आया झालेल्या बायकांना स्वतःचं माप माहीत नव्हतं. कोणी कधी घेतलंच नव्हतं. खांद्यावर पट्टे रुतून काळे वळ पडलेले, आणि बाई म्हणते, “आसंच ऱ्हास.” माप घेऊन नीट बसणारा कपडा दिला की तीच बाई पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन यायची.

सुरत मी पहिल्यांदा २०१० मध्ये पाहिली. चोपड्याला रेल्वे नाही. एसटीने तापी ओलांडून अमळनेरला जायचं आणि तिथून भुसावळ-सुरत मार्गावरची रात्रीची गाडी धरायची. दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. भाऊजींनी मला उठवून ते दाखवलं होतं. पहाटे सुरतेला उतरून रिंग रोडवरच्या मार्केटांत शिरलं की डोकं गरगरतं. मजल्यामागून मजले, प्रत्येक मजल्यावर गाळ्यांच्या रांगा, आणि डोक्यावर गाठोडी घेऊन धावणारी माणसं. आमच्यासारख्या गावच्या दुकानदाराला दलाल लागतो. तो ओळख देतो, त्याच्या शब्दावर माल उधार मिळतो आणि मुदतीच्या आत पैसे पोचवले तर भावात सूट मिळते. माल ट्रान्सपोर्टने येतो, बिल्टी म्हणजे मालाची पावती दाखवून सोडवायचा.

मी पहिल्या खेपेला चूक केली आणि ती चांगलीच महागात पडली. वही घरी ठेवून गेले होते. म्हटलं, आपल्याला कळतं की! एका गाळ्यात जॉर्जेटच्या साड्या पाहिल्या. फिकट गुलाबी, मोतिया, पिस्ता, काठाला खड्यांचं नाजूक काम. मला इतक्या आवडल्या की भाऊजी नको-नको म्हणत असताना २४० नग घेतले. लगनसराई डोक्यावर होती. आणि आमच्याकडची लगीनघरं आली ती हळदी पिवळा, राणी, मेंदी आणि मोरपंखी मागत. मांडवात उन्हात उठून दिसेल असा रंग हवा, पंगतीत वाढताना खराब होणार नाही असा पोत हवा. खड्यांत केस अडकतात, लेकरू कडेवर घेतलं की त्याला टोचतात. एका आजीबाईंनी ती साडी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, “हाई काय लुगडं शे? हाई ते फडकं शे!” दीड वर्षाने शेवटची साडी गेली, खरेदीच्या भावापेक्षाही कमीत. आप्पा एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या खेपेला निघताना मात्र त्यांनी स्वतः डायरी माझ्या पिशवीत ठेवली.

आता भोंगऱ्याचं सांगते, कारण आमच्या दुकानाला खरं वळण तिथे मिळालं. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा आदिवासी समाजाचा तो वर्षाचा मोठा सण. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने आणि नवे कपडे. त्याआधी पाड्यांवरच्या मुली खरेदीला तालुक्याला येतात, त्या एकेकट्या येत नाहीत. एका पाड्याच्या पंचवीस-तीस जणी मिळून येतात आणि सगळ्यांना एकाच रंगाचा, एकसारखा कपडा हवा असतो. बाजारात लांबूनसुद्धा दिसावं की ह्या एका पाड्याच्या. आणि सुरतेचा माल येतो सेटमध्ये. डिझाईन एक, रंग सहा किंवा आठ. म्हणजे जांभळ्या रंगाच्या तीस हव्या असतील तर तीस सेट उचलावे लागणार आणि बाकीचे रंग अंगावर पडणार. त्यामुळे बाजारपेठेतलं कुठलंही दुकान त्यांना सरळ ‘नाही’ म्हणायचं. आम्हीही म्हणायचो. वहीत दोन वर्षं तेच लिहिलेलं होतं: ‘एकरंगी, २८ नग.’ ‘एकरंगी, ३५ नग, हिरवा.’

२०१२च्या डिसेंबरात मी दलालाला म्हटलं, सेट नको, एकाच रंगाचा लॉट काढून द्या. तो हसला. तीन-चार गाळ्यांत नकार मिळाला. मग एका प्रोसेस हाऊसवाल्याने, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखानदाराने, सांगितलं की एका रंगाचं अख्खं थान रंगवून घेणार असाल आणि पैसे रोख देणार असाल तर करू. आप्पांनी घरातली सोन्याची एक पाटली गहाण ठेवायला दिली, म्हणजे मायनेच काढून दिली. चार रंगांची थानं आणली: जांभळा, पोपटी, गडद गुलाबी, निळा. तेव्हा आमच्याकडे शिवणाऱ्या दोन बहिणी होत्या. त्यांना दुकानाच्या माळ्यावर यंत्रं टाकून बसवलं. भोंगऱ्याच्या दहा दिवस आधी पहिला घोळका आला. त्यांच्यात जी पुढारी होती, ती माझ्याकडे न बघता फळीकडे बघून बोटं मोजत होती. तीस नग जांभळ्याचे काढून ठेवले तेव्हा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मोठ्याने हसायला लागल्या. भाव कमी करा असं त्या एकदाच म्हणाल्या. होळीच्या आत चारही रंग संपले आणि पाटली घरी आली.

एकरंगी लॉट कसा मिळवायचा हे एकदा कळल्यावर तोच धागा पुढे जात राहिला. बचत गटाच्या बायका आल्या, मेळाव्याला सगळ्यांना एक साडी हवी. उमेद या सरकारी अभियानाच्या गटांमुळे त्या वर्षांत खेड्याखेड्यांत असे मेळावे वाढले होते. मग भजनी मंडळं आली. मग श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट बसतात त्या गल्ल्या आल्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत गल्लीतल्या सगळ्या सुना एका रंगात निघाल्या, की शेजारची गल्ली पुढच्या वर्षासाठी लगेच आमच्याकडे. ही गिऱ्हाइकी पैसेही एकत्र करून आणायची. आप्पांच्या काळची उधारी कापसावर चालायची. कापूस विकला की दिवाळीनंतर हिशेब, नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गटाची बाई मात्र वहीतून नोटा मोजून द्यायची आणि पावती मागून घ्यायची.

२०१७ मध्ये कापसावरची ती उधारी आमच्यावर उलटली. १ जुलैला जीएसटी आला. त्याआधी कापडावर व्हॅट नव्हता, त्यामुळे आमच्यासारख्यांना करखात्याची सवयच नव्हती. सुरतेचे व्यापारी संपावर गेले आणि आषाढात येणारा कानबाईचा माल अडकला. इकडे आम्ही रात्री-रात्री जागून एकेक नग मोजत होतो. साडी म्हणजे कापड, तिला पाच टक्के. तयार कपडा हजार रुपयांपर्यंत पाच, त्याच्यावर बारा. संगणकात सगळं भरायचं. भाऊजी वैतागून म्हणायचे, “आपण दुकानदार की कारकून?” मोठ्या जाऊबाई बारावी झालेल्या, लग्नाआधी टायपिंग शिकलेल्या. त्यांनी तीन आठवड्यांत बिलिंग शिकून घेतलं आणि आजही विवरणपत्राची सगळी तयारी त्याच करतात, सीएकडे फक्त तपासायला जाते. ते निस्तरतोय तोवर पावसाळ्यानंतर गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. बोंडं फुटलीच नाहीत. शेतकऱ्याकडेच नाही तर आमच्याकडे कुठून येणार? आप्पांनी त्या वर्षी खतावणीतली सोळा खाती स्वतःच्या हाताने कायमची मिटवली. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, भांडलेही होते. त्या सोळा घरांतल्या लेकींचे बस्ते नंतर आमच्याकडेच झाले.

२०१८ मध्ये शेजारचा गाळा विकायला निघाला. घरातली शिल्लक गाळ्यात गेली, मालाला आणि फर्निचरला पैसा नव्हता. मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटात दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं हे माहीत होतं. आम्ही आठ मागितले. तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रं, जीएसटीची विवरणपत्रं, कोटेशन, साठ्याचा तक्ता, सगळं मी आणि जाऊबाईंनी तयार केलं. बँकेत साहेबांनी सगळे प्रश्न ह्यांना विचारले. माल किती दिवसांत फिरतो, लगनसराईत किती टक्के विक्री होते, पडून राहिलेला माल किती. हे प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत आणि उत्तर मी देत. शेवटी साहेबांनी विचारलं, “ह्या बाई दुकानात कोण आहेत?” आणि कोणापाशी उत्तर नव्हतं. कागदावर मी कोणीच नव्हते. जाऊबाईही नव्हत्या. दुकान आप्पांच्या एकट्याच्या नावावर होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी हा विषय काढला. सोपं नव्हतं. भाऊजींना वाटलं मी वाटणीकडे चाललेय. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात विचारलं, “तुला खरंच काय हवंय?” मी म्हटलं, तुमचं आणि माझं नाव. तिसऱ्या दिवशी माय बोलल्या. त्या कधी धंद्यात बोलत नसत. त्या आप्पांना म्हणाल्या, मागच्या दारावर मी तीस वर्षं माल विकला, तो तुमच्या कुठल्या वहीत आहे? आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी वकिलाला बोलावलं. भागीदारीचा करार झाला, त्यात पाच जण: आप्पा, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मायने नाव लावायला नकार दिला. म्हणाल्या, आता माझं काय! त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी तेव्हा आग्रह करायला हवा होता.

नवं पॅन, नवा जीएसटी क्रमांक, नवं चालू खातं, जुन्या साठ्यावरचा कर नव्या नावावर वळवण्याचा फॉर्म. चार महिने धावपळ झाली. कोणी भागीदारी करणार असेल तर माझं सांगणं आहे, हे काम ऐन हंगामात काढू नका. आम्हाला त्या वर्षी अधिक ज्येष्ठाने वाचवलं. १६ मे ते १३ जून लग्नतिथी नव्हत्या, म्हणून कागदांना वेळ मिळाला. आणि धोंड्याच्या महिन्यात लेकी-जावयांना वाण देतात, त्यामुळे साड्यांची विक्रीही थांबली नाही. कर्ज मंजूर झालं. दसऱ्याला वरचा मजला उघडला. तिथे तीन ट्रायल रूम केल्या, प्रत्येकीत बसायला स्टूल आणि लेकरू निजवायला छोटी गादी. आणि खाली बस्त्यासाठी मोठी बैठक ठेवली. वीस माणसं येतात, दिवसभर बसतात, त्यांना गादीच हवी, खुर्ची चालत नाही. तिथे आम्ही एक पद्धत पाडली: पहिली साडी नवरीपुढे उघडायची. आधी विहीणबाईंपुढे किंवा मामापुढे उघडली की मुलगी शेवटपर्यंत “चालेल, चालेल” म्हणत राहते. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी वडीलधारे नाराज झाले. आता मुली आधीच फोन करून रंग सांगून ठेवतात.

२०२० बद्दल थोडंच लिहिते. पाडव्याच्या आदल्या रात्री देश बंद झाला, लगनसराईचा माल भरून ठेवलेला. २६ एप्रिलची आखाजी आली आणि गेली, लेकी माहेरी आल्याच नाहीत. झाडाला झोका बांधला गेला नाही. माळ्यावर शिवणाऱ्या बायकांनी सुती कापडाचे मास्क शिवले, त्यावर त्यांचे पगार निघाले. सुरतेच्या दोन व्यापाऱ्यांनी मुदत वाढवून दिली. आप्पा त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी गेले. ह्यावर मला अजून लिहिता येत नाही.

नंतर ऑनलाइन आलं. आमच्याच गल्लीत दिवसाला पाच-सहा पार्सलं येतात. आम्ही त्यांच्या भावाला पुरू शकत नाही आणि पुरायला जातही नाही. पण आमच्याकडे आता नऊशेच्या वर बायकांची मापं लिहून ठेवलेली आहेत, त्यांच्या परवानगीने. सुरतला सासरी गेलेली मुलगी फोनवर सांगते, काकू, माझ्या मापाचे दोन ब्लाउज शिवून ठेवा, आखाजीला येतेय. २०२५च्या २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, कराचे दर पुन्हा बदलले. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला पाच टक्के झाले, पण त्याच्यावरच्या तयार घागऱ्याला अठरा. आदल्या रात्री आम्ही सगळ्या चिठ्ठ्या बदलत बसलो होतो, आणि सकाळी नवरात्रातल्या रंगांच्या साड्यांसाठी शटर उघडायच्या आधीच बायका उभ्या होत्या. नवरीला सांगावं लागतं की शालूला कर कमी आणि घागऱ्याला जास्त का. तिला ते पटत नाही आणि मलाही तिला पटवता येत नाही.

डायरी आता आठवी चालू आहे. कामाला असलेल्या प्रत्येकीने दिवसातून आपल्या काउंटरचा नकार लिहायचा, हा नियम आहे. शनिवारी रात्री मी आणि जाऊबाई वाचतो. जाऊबाईंची मुलगी सध्या सुट्टीत दुकानात बसते, तिने परवा लिहिलंय: ‘कॉटनचा कुर्ता, दोन्ही बाजूंना खोल खिसे, मोबाइल आणि केळीच्या बागेतला विळा मावेल असा. बाई म्हणाली, पुरुषांच्या शर्टाला असतो तसा.’ खाली तिनेच तीन खुणा केल्यात, म्हणजे तीन जणींनी मागितला. माळ्यावर त्याचा एक नमुना शिवून झालाय, विळा घालून पाहिला तर खिशाचा कोपरा उसवला. दुहेरी शिवण घालून उद्या पुन्हा बघणार आहोत, आणि जाड सुती कापडासाठी गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलंय.